इशमसाठी नेलेला कागद

आमच्या वडिलांना तीन मुलं झाली. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर मात्र दोघांचीच नावं आहेत, माझा थोरला भाऊ ड्रुरी आणि मी, डॉर्कस. तिसरा इशम. ड्रुरीदादाहून दोन वर्षांनी लहान, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याची आई फिबी आमच्या स्वयंपाकघरात होती, वडिलांनी विकत घेतलेली. म्हणून इशमही जन्मापासून गुलाम.

हे घरात कुणी कधी बोललं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. आम्हा टॅरंटांचे डोळे राखाडी. आजोबा विलायतेतल्या सॉमरसेटहून जहाजानं आले ते हे डोळे घेऊनच. इशमचेही अगदी तसेच. रविवारी चर्चमधून कुणी आमच्याकडे जेवायला आलं आणि इशम वाढायला लागला, की पाहुण्या बायका आपापल्या ताटात बघत बसायच्या.

मी चार वर्षांची असताना आई गेली. मला वाढवलं फिबीनं. ती मला ‘पोरी’ म्हणायची. आम्ही तिघं मेहेरिन नदीवर मासे धरायला जायचो. मी चिखलात रुतले की इशम मला खांद्यावर घ्यायचा आणि दादा काठावरून ओरडायचा, “फेक तिला पाण्यात!” इशम दहा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला ओसरीवर बोलावून सांगितलं, की आजपासून ड्रुरीला मालक म्हणायचं आणि हिला बाईसाहेब. इशमला तो खेळच वाटला. दोन दिवस तो मला हसत हसत बाईसाहेब म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्याचं हसणं थांबलं.

वडील गेल्यावर तंबाखूचा मळा दादाकडे आला आणि त्याच्यामागोमाग काउंटीच्या मिलिशियाची, म्हणजे गावकऱ्यांच्या पलटणीची, कॅप्टनकीही. दादा वाईट माणूस नव्हता. दिसायला देखणा, हाताचा सढळ, गप्पिष्ट. कवायतीच्या दिवशी शेजारपाजारचे शेतकरी शिकारीच्या बंदुका घेऊन मैदानात जमायचे, निम्मे तर आमचा सफरचंदांचा सायडर प्यायलाच यायचे, आणि दादा प्रत्येकाला नावानं हाक मारायचा. भीती त्याला एकाच गोष्टीची होती. लोक आपल्याला हसतील याची.

१७५६च्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडून वाईट बातम्या यायला लागल्या. फ्रेंचांच्या बाजूनं शॉनी जमातीचे लोक वस्त्या जाळत होते. आमच्या काउंटीतून पन्नास माणसं तिकडच्या एका किल्ल्यावर पाठवा, असा हुकूम आला. दादा निघाला. घोडा सांभाळायला, लाकडं तोडायला इशम बरोबर. गुलामाच्या हाती बंदूक द्यायची नाही, असा कायदाच होता.

सप्टेंबरात दादा परत आला तो गाडीत आडवा पडून. मांडीत गोळी. घोड्याला धरून इशम पायी चालत होता, त्याच्याही डाव्या खांद्याला फडकं गुंडाळलेलं होतं. दोघांच्या आधीच गोष्ट काउंटीत पोचली होती. कॅप्टन टॅरंटनं बारा माणसांनिशी एका नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, तासभर अडवून धरला, आणि तेवढ्या वेळात वस्तीतल्या बायकामुलांच्या गाड्या पार झाल्या. पाद्रीबाबांनी प्रवचनात दादाचं नाव घेतलं. बायका जेली आणि हॅम घेऊन भेटायला येऊ लागल्या.

आठव्या दिवशी दुपारी मी त्याच्या जखमेवरचं पोटीस बदलत होते. ताप जरा उतरला होता. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

“डॉर्की, दार लाव.”

मी दार लावलं.

“उतारावर मी नव्हतो गं.”

“बडबडू नकोस दादा, ताप आहे तुला.”

“ताप नाही. ऐक. पहिली गोळी सुटली आणि मी पळालो. एका ओंडक्यामागं जाऊन बसलो. गोळी मला तिथं लागली, लपलेला असताना. मेलेल्या सार्जंटची बंदूक उचलली ती इशमनं. त्यानंच ओरडून माणसं उभी केली. ‘कॅप्टनचा हुकूम आहे, हलायचं नाही,’ असं सांगत होता त्यांना. माझा हुकूम! आणि सगळं संपल्यावर मला पाठीवर घेऊन अकरा मैल चालला. स्वतःच्या खांद्यात गोळी असताना.”

तो लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, “बोलाव त्याला.”

इशम येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. आमच्या वसाहतीत नुसतं मालकाच्या मनात आलं म्हणून गुलाम मोकळा होत नसे. त्यानं काही मोठं काम केलं असं मालकानं लिहून द्यायचं आणि गव्हर्नरसाहेबांनी ते मान्य करायचं, हा एकच मार्ग होता.

“इशम,” दादा म्हणाला, “मी गव्हर्नरसाहेबांना लिहितो. तुला मोकळं करतो. डॉर्कस साक्षीला आहे.”

“काय लिहाल मालक?”

“जे झालं तेच.”

इशमनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “मग आधी बरे व्हा,” तो म्हणाला. पण खाली जाताना जिन्यावर त्याची पावलं धावल्यासारखी वाजली. स्वयंपाकघरातून फिबीच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला, आणि नंतर तिचं हसणं. ती इतक्या मोठ्यानं हसलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

दादा बरा झाला. तंबाखू पिंपात भरून होऊ दे, मग लिहितो म्हणाला. तंबाखू गेला. मग त्याला मेजर केलं. मग पुढच्या निवडणुकीत त्यानं उभं राहावं असं लोक म्हणायला लागले. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, “लिहायचंय गं. पण कसं लिहायचं ते सुचत नाहीये.” खरंच सुचत नव्हतं. इशमनं उतार राखला असं लिहायचं, तर दादानं राखला नाही असंही लिहावं लागणार होतं.

जानेवारीत नेहेमायह स्ट्राउड नावाच्या माणसानं दारूच्या गुत्त्यात तोंड उघडलं. खंडानं जमीन कसणारा गरीब माणूस, पण त्या दिवशी उतारावर होता. “मेजर कसले! ओंडक्यामागचे मेजर!” असं म्हणाला म्हणे. “लढला तो त्यांचा काळा. आम्हाला विचारा ना.” बोलणं वाढत गेलं. शेवटी मिलिशियाचे प्रमुख कर्नल मॅटॉक दोन न्यायाधीशांना घेऊन आमच्याकडे जेवायला आले.

जेवण झाल्यावर कर्नलनी पाइप पेटवला. “हे बघा मेजर, आमचा काही संशय नाही. पण एकदा विचारून टाकलं की तोंडं बंद होतील.” मग माझ्याकडे वळले. “डॉर्कसबाई, शुश्रूषा तुम्हीच केलीत. तापात माणूस खरं बोलून जातो. उतारावरच्या लढाईबद्दल मेजर काही वेगळं बोलले होते का?”

इशम माझ्या खुर्चीमागं सायडरचा जग घेऊन उभा होता. दादा टेबलाच्या टोकाला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. हातातली सुरी उलटी करत होता, सरळ करत होता. त्याचं कपाळ घामानं भिजलेलं मला दिसलं. भर जानेवारीत. मी तेवीस वर्षांची होते, त्याच्या घरात राहत होते, त्याच्यावर माझा जीव होता. ही कारणं मी पुढं बरीच वर्षं मोजली. त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. एवढंच वाटलं, की हे सगळं लवकर संपावं.

“नाही,” मी म्हणाले. “आमच्या आईला हाका मारत होता. दुसरं काही नाही.”

“झालं तर मग,” कर्नल म्हणाले. “थोडं ओत रे.”

इशमनं त्यांचा पेला भरला. मग माझा भरला. एक थेंबही सांडला नाही.

स्ट्राउडला खोटं बोलल्याबद्दल कोर्टाच्या आवारात सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्याचा खंडही त्या वर्षी कुणी पुढं चालू केला नाही. तो दक्षिणेला कॅरोलायनात निघून गेला. एप्रिलमध्ये इशम पळाला.

तीन आठवडे दादा गप्प होता. मग शेजारी विचारायला लागले, की जाहिरात का देत नाही, आमचीही माणसं शेफारतील. त्याचं अक्षर वाईट, म्हणून गॅझेट वर्तमानपत्रासाठीचा मजकूर लिहायला त्यानं मला बसवलं.

“पळून गेला आहे,” तो खोलीत लंगडत फेऱ्या मारत सांगत होता, “इशम नावाचा गुलाम, वय सत्तावीस, उंची पाच फूट अकरा, सुतारकाम उत्तम. डाव्या खांद्यावर गोळीचा व्रण.”

“कशामुळं, ते लिहू?”

तो थांबला. “नुसता व्रण लिही.”

“डोळे राखाडी,” मी म्हणत लिहायला लागले.

“डोळ्यांचं नको!”

मी कागदावरून मान वर केली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, तेच डोळे घेऊन. मग मी ते दोन शब्द खोडले आणि बाकीची जाहिरात सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. तो सापडू नये अशी प्रार्थना करत मी ती लिहिली, हे खरं. पण लिहिली.

फिबी त्यानंतर अकरा वर्षं जगली. मला ती कधी उलटून बोलली नाही. हाक मारली तर यायची, पोळी भाजायची, माझे केस विंचरायची. फक्त ‘पोरी’ म्हणणं बंद झालं. शेवटच्या आजारात मी तिच्या खोपटात जाऊन बसले होते. बाहेर छान ऊन होतं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “फिबी, त्या दिवशी मी...”

“माहीत आहे मला. मी दारामागंच होते.”

“तो कुठं आहे, काही कळलं का गं कधी?”

“कळलं ना.” ती भिंतीकडे वळली. “पण ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही, बाईसाहेब.”

दादा पुढं कर्नल झाला. लग्न झालं, बायको गेली, एक मुलगा राहिला. पाय दुखतो या नावाखाली तो पीत राहिला. उताराची गोष्ट मात्र त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. पाहुण्यांनी आग्रह केला तर उठून जायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, किती विनयशील माणूस. १७७४मध्ये यकृतानं धरलं तेव्हा त्यानं मला पुन्हा लिहायला बसवलं. या खेपेला सगळं सांगितलं. ओंडका, सार्जंटची बंदूक, अकरा मैल. दोन साक्षीदार बोलावून सही केली. ते सही करताना त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि दादानं त्यांना बघू दिलं. त्याच्या आयुष्यातलं धाडस म्हणायचं तर तेवढं एक.

तो गेल्यावर मी तो मजकूर विल्यम्सबर्गला, गव्हर्नरसाहेबांकडे पाठवला. चार महिन्यांनी शिक्कामोर्तब होऊन आला. इशम मोकळा. अठरा वर्षांनी.

त्याच सुमारास स्ट्राउड बहिणीला भेटायला काउंटीत आला होता. केस पांढरे झालेले. मी त्याला तिच्या अंगणात गाठलं. इशम पळाला तो त्याच्याच मागोमाग कॅरोलायनात गेला असणार, असा माझा तर्क होता.

“कर्नल टॅरंट गेले ते खरंच का, ते बघायला आलो होतो,” तो म्हणाला. “थडगं बघितलं. चांगलं खोल वाटलं.”

मी कागद पुढं केला. त्याला वाचता येत होतं. त्यानं तो दोनदा वाचला आणि अंगणातल्या ओंडक्यावर बसला.

“इशम कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे,” मी म्हणाले.

“असेल.”

“मला सांगा. हे त्याच्या हातात द्यायचंय.”

तो बराच वेळ बूट मातीत घासत राहिला. “कॅरोलायनातच, चोवान नदीच्या पलीकडं आहे. नावा बांधतो. आयझॅक गोफ म्हणतात त्याला तिकडं. बायको आहे, तीन पोरं आहेत. पण बाई, आधी मला जाऊ द्या. मी त्याला विचारतो. महिनाभर थांबा.”

“थांबते,” मी म्हणाले.

मी नऊ दिवस थांबले. त्याहून जास्त जमलंच नाही. कागद टेबलावर असायचा, मी सकाळी उठून बघायचे, संध्याकाळी बघायचे. तो हातात पडल्यावर इशमचं तोंड कसं होईल, तेच डोळ्यांपुढं यायचं. दहाव्या दिवशी गाडी जुंपायला सांगितली.

चोवानच्या धक्क्यावर माणसं पलीकडं नेणारा तरीवाला आणि चारपाच माणसं उन्हात बसली होती. मी विचारलं, “आयझॅक गोफ कुठं राहतो?”

“नाववाला गोफ? काय काम काढलंत बाई त्याच्याकडं?” तरीवाला हसत म्हणाला. “तुमच्याकडनं पळून आलाय का काय?”

बाकीचे हसले. तो गंमत करत होता. आणि मी, अठरा वर्षांचं ओझं आता उतरणार या आनंदात, त्या सगळ्यांसमोर म्हणाले, “तो आता कुणाकडचा नाही. त्याच्या सुटकेचा कागद घेऊन आलेय मी, गव्हर्नरसाहेबांच्या शिक्क्याचा.”

हसणं थांबलं. “सुटका?” तरीवाला म्हणाला. “गोफ तर जन्माचा मोकळा आहे. निदान आम्हाला तसंच सांगतो.”

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

त्याचं घर नदीच्या पलीकडच्या काठी होतं, नीटनेटकं, पांढरा चुना दिलेलं. अंगणात एका नावेचा सांगाडा उभा होता आणि इशम हातोडी घेऊन त्याच्या पोटाशी वाकला होता. केस विरळ झाले होते. पाठमोरा तो हुबेहूब वडिलांसारखा दिसला. दारात एक बाई धुणं पिळत होती. माझी गाडी बघून तिनं पोरांना आत ओढलं.

“इशम,” मी हाक मारली.

त्याची हातोडी तशीच वर राहिली. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली आणि वळला.

“बाईसाहेब.”

“बाईसाहेब म्हणू नकोस. दादा गेला. जाण्याआधी सगळं खरं लिहून दिलं त्यानं. हे बघ. तू मोकळा आहेस.”

त्यानं हात पुसले, कागद घेतला, उलटून शिक्का बघितला. “मला वाचता येत नाही. वाचून दाखवा.”

मी वाचलं. तो उभ्यानं ऐकत होता. ओंडक्याचं वाक्य आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. वाचून झाल्यावर मी वाट बघत राहिले. कशाची, ते सांगायला आज मला लाज वाटते.

“या रस्त्यानं येताना कुणाला विचारलंत?” तो म्हणाला.

“धक्क्यावर. तरीवाल्याला.”

“काय विचारलंत?”

मी सांगितलं. जसंच्या तसं. त्याची बायको धुण्याचं पातेलं तिथंच टाकून आत गेली.

“बाईसाहेब,” इशम शांतपणे म्हणाला, जसं लहानपणी मला चिखलात पाय कुठं टाकायचा ते सांगायचा, “इकडं कॅरोलायनात जन्माचा मोकळा माणूस राहू शकतो. मोकळा केलेला राहू शकत नाही. सहा महिन्यांत हद्दीबाहेर जायचं, नाही तर पकडून परत विकतात. आयझॅक गोफला कागद लागत नव्हता. त्याला कुणी विचारतच नव्हतं.”

“मी परत जाऊन सांगते. माणूस चुकला म्हणते. दुसराच कुणी निघाला म्हणते.”

“सांगा,” तो म्हणाला. “पण तरीवाल्याचा मेव्हणा शेरीफकडं कामाला आहे. बघू.”

त्यानं मला लाकडाच्या ढलप्यांमध्ये एका पेटीवर बसवलं आणि स्वतः पाणी आणून दिलं. मी प्यायले.

“आई कशी गेली?”

“झोपेत गेली. मी शेजारी होते. तू कुठं आहेस ते तिला ठाऊक होतं. मला सांगितलं नाही तिनं.”

“बरोबर केलं,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. कागदाची घडी घालून त्यानं तो मला परत दिला. “हा घेऊन जा. माझ्या घरात सापडायला नको.”

“इशम, त्या दिवशी टेबलावर मी नाही म्हणाले...”

“म्हणालात.” तो उठला. “आता निघा, ऊन आहे तोवर नदी पार करा. आणि मागं वळून बघू नका, लोक बघत असतात.”

धक्क्यावर मी तरीवाल्याला सांगितलं, की माणूस भलताच निघाला, आमचा नव्हे. त्यानं मान डोलावली. माझ्या डोळ्यांत एकदा नीट बघितलं. मग नदीच्या पलीकडं, इशमच्या घराच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाला, “असं का!”

ऑक्टोबरात स्ट्राउड आला. मी त्याला ओसरीवर बसा म्हटलं, तो बसला नाही. सायडर पुढं केला, तो घेतला नाही.

“महिनाभर थांबते म्हणाला होतात.”

“कुठं गेले ते?”

“पश्चिमेकडं, एवढंच कळलं. डोंगर ओलांडून. तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. घर पडेल त्या भावानं विकलं. धाकटी पोर तापानं फणफणलेली, तिला तशीच गाडीत घातली. नाव अर्धी बांधून झाली होती, ती तिथंच आहे.” त्यानं टोपी डोक्यावर घातली. “मी विचारणार होतो त्याला, बाई. तो नको म्हणाला असता. एवढंच झालं असतं.”

तो गेल्यावर मी बराच वेळ ओसरीवर उभी होते. तंबाखूची पानं वाळायला टांगायचे दिवस होते, माणसं ये-जा करत होती, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

त्यानंतर इशमचं काही कळलं नाही. त्याची थोरली दोघं मुलगे होते असं स्ट्राउडनं पूर्वी सांगितलं होतं, नावं सांगितली नव्हती. डोंगरापलीकडून व्यापारी यायचे, त्यांना विचारता आलं असतं. कितीदा तोंडापर्यंत आलं. मी कुणालाही विचारलं नाही.